उलटी खुर्ची

अरे, ते सलीमचाचा शिंपी! नांदुऱ्याच्या सांस्कृतिक भवनात महिनाभर रोज कार्यक्रम होते, अन् चाचा रोज येऊन स्टेजकडे पाठ करून बसत. मले राहवलं नाही.

"चाचा, काऊन असे बसता?"

"लोकं कवा उठतात ते पाहून राह्यलो. शेवटच्या दिवशी माह्या नातीचं गानं हाये ना."

"मंग, समजलं काही?"

"हाव. पाहुणा शाल-नारळ घेते अन् निंघते. त्याच्यामांगं अर्धा हॉल जाते."

शेवटच्या दिवशी सत्काराची वेळ आली, तर टेबलावर शालही नाही अन् नारळही नाही. पाहतो तं दोन्ही चाचाच्या मांडीवर! अन् आज खुर्ची स्टेजकडे.

"बसा साहेब," चाचा पाहुण्याले म्हणे, "पोरीचं होऊ द्या, मंग देतो."