उत्तम शुक्रवारचा परवाना

आजच्या सभेचे अध्यक्ष, आपले व्यवस्थापक आदरणीय तात्यासाहेब, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, उद्यापासून माझ्या खुर्चीवर बसणाऱ्या मृण्मयी मॅडम, आणि समोर बसलेल्या माझ्या कामगार बंधू-भगिनींनो, प्रभाकर शिनगारेचा तुम्हा सर्वांना मनापासून नमस्कार.

शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, माझ्या पत्नीला, सुलेखाला पैठणी दिलीत. एकतीस वर्षांत इतकं कौतुक एका दमात कधी ऐकलं नव्हतं. पण खरं सांगू? मघापासून या शालीचं टोक मी नुसतं चाचपतोय. निरोपाची हुरहुर म्हणाल, तर ती नव्हे. ही भीती आहे.

तात्यासाहेब आत्ताच म्हणाले, "शिनगारे चर्च अर्धवट सोडून धावत आले आणि कारभारीचा जीव वाचवला." अकरा वर्षं ही गोष्ट आपल्या वाळूजच्या कारखान्यात नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी ऐकवतात. टाक्या धुणारे आपले कारभारी तिसऱ्या रांगेत बसलेत, शेजारी त्यांच्या घरच्या द्वारकाबाई. दर नाताळाला त्यांच्या गावाहून, पिशोरहून त्यांच्या हातच्या शेंगदाण्याच्या पोळ्यांचा डबा मला येतो. मला त्या देवमाणूस म्हणतात. तो घास माझ्या घशाखाली उतरत नाही, हे सुलेखालाही ठाऊक नाही.

टाकी धुवायला माणूस आत उतरायचा असला, की आधी मी स्वतः टाकीच्या तोंडाशी मीटर धरायचं, आतल्या हवेत प्राणवायू किती ते मोजायचं, आकडा परवान्यावर लिहून सही करायची. मग उतरणाऱ्यानं आपला बिल्ला बाहेरच्या खुंटीवर अडकवायचा. बिल्ला खुंटीवर, म्हणजे माणूस आत. तुम्ही हे जाणताच, पाहुण्यांसाठी सांगितलं.

त्या दिवशी उत्तम शुक्रवार होता, प्रभू येशूच्या मरणाचा दिवस. छावणीतल्या आमच्या चर्चमध्ये बारा ते तीन उपासना, आणि पहिल्या बाकावर माझी ठरलेली जागा. उशिरा गेलो तर मंडळी माना वळवून बघतील, ही मला केवढी चिंता! साडेअकराला मी मीटर कपाटातून काढलंच नाही. कालचा आकडा उतरवला, सही ठोकली आणि निघालो.

वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर प्रवचन चालू होतं. चौथ्या उद्गाराला पाळकांचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू काही येईना. डोक्यात एकच: जेवण झालं की दोन वाजता कारभारी उतरणार. बाहेर येऊन ऑफिसला फोन लावला. जेवणाची सुट्टी, कुणी उचलेना. कामगारांचे फोन तर गेटवर जमा. स्कूटरला किक मारली. नगर नाक्यावर सिग्नल लाल होता, थांबलो नाही. जन्मभर प्रार्थना केल्या, पण त्या रस्त्यावर एक शब्द सुचेना. नुसतं 'नको, नको' म्हणत होतो.

पोचलो तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. टाकीशी कुणी नव्हतं. बिल्ला खुंटीवर लटकत होता.

टाकीच्या तोंडाशी वाकून मी हाका मारल्या. माझाच आवाज परत आला. मी तिथंच बसलो. तेवढ्यात मागून आवाज आला, "सायब, काय झालं? म्या हितं हाय."

"अहो, बिल्ला लावलात आणि उतरला नाहीत?"

"लावला व्हता. पर तुम्ही दर टायमाला मीटर धरून हुबं राहता. आज दिसलं नाय. मन धजावलं नाय, म्हणून सावलीत बसलो वाट बघत."

मीटर आणून धरलं. प्राणवायू शेकडा एकवीसच्या घरात लागतो. आकडा आला अकरा. आत उतरलेला माणूस काही मिनिटांतच कोसळला असता.

म्हणजे कारभारींना मी वाचवलं का? त्यांना त्यांच्या धास्तीनं वाचवलं. माझी सही तर त्यांना मारायला निघाली होती. मी तो परवाना फाडला, नवा लिहिला. लोकांनी मला धावत येताना पाहिलं होतं, त्यांनी गोष्ट रचली आणि मी गप्प बसलो. कारभारी सगळं जाणत होते. मला एवढंच म्हणाले, "जाऊ द्या सायब, तुमच्या सणाचा दिस हाय." अकरा वर्षं या माणसानं तोंडातून ब्र काढला नाही.

श्रद्धा वाढली की भीती पळते म्हणतात. माझं उलटं झालं. पहिला बाक सोडून मी मागे बसू लागलो. प्रत्येक सहीआधी माझा हात कापतो, मी देवाचं नाव घेतो आणि मग मीटर धरतो. फोन गेटवर जमा करतो तसा देवही तिथंच ठेवून आत जायचं नसतं, हे मला त्या खुंटीनं शिकवलं. पण हे खरं बोलायचं धैर्य मी रोज मागितलं आणि रोज टाळलं. आज टाळायला उद्या उरला नाही.

मृण्मयी मॅडम, उद्यापासून सही तुमची. हात कापला तर चांगलं लक्षण समजा.

तात्यासाहेबांचे, आयोजकांचे, इतका वेळ ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला, असं म्हणून खाली बसायची रीत आहे. मीही आजवर ते तोंडदेखलं म्हणत आलो. आज नाव घेऊन म्हणतो. द्वारकाबाई, तुमचं कुंकू मी घाईत पुसायला निघालो होतो. ही शाल मी इथं टेबलावर ठेवतो. मला क्षमा करा. नाही करवली, तरी मी समजेन. पण येत्या नाताळाला डबा भरायला घ्याल, तेव्हा तो कुणाला पाठवताय हे तुम्हाला ठाऊक असू द्या.