मोटरसायकल कुठं लावायची?

चहा येईस्तोर हे ऐका. कापसाचा भाव पडला होता, कामं बंद होती, अन् मले दारव्ह्याच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात स्लॅबले केबलचे हँगर लावाचं काम भेटलं.

ठेकेदार म्हणे, "स्लॅबच्या भोकात लाकडाची गुट्टी ठोक अन् तिच्यात स्क्रू मार. बोल्ट कायले पाह्यजे?"

"गुट्टी निसटते, भाऊ."

"मंग घरी जाय!"

मी गेलो नाही. एक हँगर त्याच्या गुट्टीवर लावला, एक माह्या बोल्टवर. दोन्हीले सरकीचं एकेक पोतं लटकवलं. दोन्ही टिकले. तो हसला.

म्हटलं, "आता तुमची नवी मोटरसायकल तुमच्या पोत्याखाली लावा. माही माह्या पोत्याखाली लावतो."

माही लावली. त्याची जागची हलली नाही. मंग म्हणे, "बोल्ट किती आणू?"