कॅन्सल कोण करतंय?

तुम्ही हसाल, पण गेल्या दसऱ्याला माझ्या कॉम्प्युटरमध्ये पायथन, म्हणजे प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर, शिरायलाच तयार नव्हतं. दुसऱ्या दिवशी नोकरीची ऑनलाइन टेस्ट, आणि आईने सकाळीच माझा वायरलेस कीबोर्ड पूजेला नेलेला. वर ताकीद, "आज हत्यारं वापरायची नाहीत!"

मी गुपचूप जुना वायरवाला कीबोर्ड जोडला आणि इन्स्टॉल सुरू केलं. लगेच बंद! स्क्रीनवर काय, तर युजरने कॅन्सल केलं. पाच वेळा तेच.

माहीमच्या मन्याला, माझ्या मित्राला, फोन लावला. तो म्हणाला, "अरे, तूच एस्केपचं बटण दाबून कॅन्सल करतोयस."

"मन्या, मी दोन्ही हात वर करून बसलोय रे!"

"मग तो वायरलेसवाला बंद केलायस का?"

मी फोन तसाच कानाला लावून स्वयंपाकघरात गेलो. पाटावर विळी, कात्री, झेंडूची फुलं, माझा कीबोर्ड. आणि कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात, बरोब्बर एस्केपवर, नारळ.

"आई, तुझा नारळ मला काम करू देत नाहीये!"

आईने पुरी लाटताना मानही वळवली नाही. "चला, घरात कोणीतरी माझं ऐकतं म्हणायचं."