रेडिओवरचं माह्यं बोलणं

माहा जलम मोहाडीकडच्या एका खेड्यातला, अन् लगन होऊन करडीले आली तवा मी इतकीशी होती, पण धानाचा रोवणा, म्हंजे लावणी, मले माहेरातच येत होता, काहून का माय चिखलात वाकलेली अन् मी तिच्या मांगं, असंच माह्यं लहानपण गेलं. शाळा नाई पाह्यली मी. मायनं शिकवलं तेच. अन् काय शिकवलं ते सांगते तुमाले बाई, पऱ्हे, म्हंजे धानाची रोपं, उपटून पेंडी बांधली का रोवायच्या आंदी तिचे शेंडे खुडायचे, चार बोटं, जास्त नाई, कारण किडीची अंडी शेंड्यावर रायते. अन् खुडलेले शेंडे बांधीत, म्हंजे धानाच्या खाचरात, टाकायचे नाई, खड्ड्यात गाडायचे. हे तिले कोण्या सायबानं सांगतलं नोतं. डोळे होते तवा डोळ्यानं पाह्यलं होतं तिनं. मंग डोळे गेले, तं मी तिले करडीले घेऊन आली.

आमच्या गावात रेडिओचं मंडळ होतं. संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम लागला का माणसं पंचायतीच्या वट्ट्यावर बसत, अन् अध्यक्ष कोण, तं मालक. गावात सगळ्यायपेक्षा जास्त बांध्या त्यायच्या, आम्ही बाया त्यायच्याकडंच रोवण्याले जाओ. बायाइले वट्ट्यावर जागा नाई, मी भिंतीले टेकून आयको. एका सालीं सगळ्यायच्या धानाले खोडकिडा लागला, मालकाच्या बी लागला, माह्या अर्ध्या एकरात नाई लागला. दुसऱ्या सालीं शहरातून रेडिओवाले मशीन घेऊन आले, तवा कोणीतरी माह्यं नाव सांगतलं.

शाळेच्या खोलीत बसवलं मले. मी भेली नाई, हे आंदीच सांगून ठेवते, काहून का पुढं त्याचंच झालं. ह्या तोंडानं मी सगळं सांगतलं, शेंडा कुठं खुडाचा, कायले खुडाचा, मायनं शिकवलं म्हणून सांगतलं, मायचं नाव सांगतलं, तिचं गाव सांगतलं. मालक बाजूलेच उभे, आयकून राह्यले. मंग तो मशीनवाला म्हणे बाई, रोवण्याचं एखादं गाणं बी म्हणा ना, तं दोन ओळी म्हटल्या. मंग मालकाले बसवलं, मी कामावर गेली.

पुढं मंडळाच्या नावानं कार्ड आलं. मालक म्हणे तुह्यं बोलणं रविवारी लागणार, वेळ काई लिहिली नाई. आता बायायचा कार्यक्रम दुपारी अन् शेतीचा संध्याकाळी, मले कशात लावतील काय माईत. म्हणून त्या रविवारी मी रोवण्याले गेलीच नाई. आमच्या मालकाचा, म्हंजे पोरायच्या बापाचा, एक जुना ट्रान्झिस्टर होता, त्याचे सेल आदल्या दिवशी उन्हात ठेवले, अन् सकाळपासून मायले वसरीत बसवलं, रेडिओ तिच्या कानापाशी.

काय सांगू तुमाले, तो रेडिओ दिवसभर बोलून राह्यला. सकाळी चांगलं वागा म्हणून एक जण बोलला. मंग दिल्लीच्या बातम्या, मंग संस्कृतात बातम्या, त्या कोणासाठी असते देव जाणे. डाक्टर बोलला लेकरायच्या जुलाबावर. एक प्रोफेसर अर्धा घंटा बोलला, खेड्यातल्या बाईनं कसं जागं व्हावं म्हणून, अरे मी चार वाजताची जागी आहो बाप्पा! दुपारी बायायचा कार्यक्रम, मी सरकून बसली, तं त्यात एक बाई टमाटरचा सास बाटलीत कसा भरावा ते सांगे. बाटल्या कोणाच्या घरी आहेत? मायले मी म्हणो, माय जेवून घे, तं ती म्हणे नाई, तेवढ्यात तू लागशील. हातातली भाकर सुकून गेली तिच्या.

संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम लागला. पह्यले गाणं, माह्यं! दोन ओळी. माय माह्या हाताले धरून म्हणे तूच व्हय, तूच व्हय. गाणं थांबलं अन् मालक बोलाले लागले. रोपांचे शेंडे खुडावेत, अंडी नष्ट होतात, आम्ही अनेक वर्षांपासून हा प्रयोग करीत आहोत. प्रयोग! असं पुस्तकावाणी. माह्यं नाव नाई, मायचं नाई. मंग बाजारभाव लागले.

मायनं रेडिओ कानापासून बाजूले सारला. मंग म्हणे, तुहा आवाज आला, मंग बोलली काहून नाई? भेली का बाई तू?

मले इतका राग आला का रडू बी नाई आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाच्या बांधीवर गेली अन् बायाइले म्हटलं कोणी उतरू नका. पंधरा-वीस बाया धुऱ्यावर, म्हंजे बांधावर, बसल्या. मालक आले, म्हणे हे काय? मी पेंडी त्यायच्या हातात दिली, म्हटलं मालक, रेडिओवर सांगतलं ना, आता खुडून दाखवा, आमाले बी शिकू द्या. ते मले रागवले, पण बाया उठेच ना. मंग खुडलं त्यायनं, अर्धी पेंडी खुडून टाकली, बुडखेच राह्यले हातात! बाया अशा हासल्या का पलीकडच्या बांधीतले नांगरवाले थांबून पाहत. मालक म्हणे, मशीनवाल्यानंच कापलं तुह्यं बोलणं, मी काय करू. म्हटलं कापलं त्यानं, पण माह्यं बोलणं तुमच्या तोंडात कोणी भरलं? त्या दिवसापासून त्यायच्या बांधीत माहा पाय नाई पडला.

घरी येऊन मायले सगळं सांगतलं. हासल्या बाया, तुकडे झाले पेंडीचे, सगळं. मले वाटलं आता तिले पटन. ती माह्या पाठीवरून हात फिरवे, म्हणे राहू दे बाई, भेली असशील, मोठ्या लोकायपुढं होते असं. म्हटलं माय, मी बोलली, तुह्यं नाव घेतलं. तं म्हणे, रेडिओ खोटा कायले बोलन?

पोरीचं खोटं अन् त्या डब्याचं खरं. थंडीच्या दिवसात ती गेली, अन् मले भेकड समजूनच गेली.

आता मी म्हातारी झाली, मालक बी झाले, रस्त्यात भेटले तं तेच मान खाली घालते. गावातल्या बाया म्हणते, किती साल झाले, सोडून दे. शेंडे तं सारं गाव खुडते, धान चांगलं होते, त्याचा मले आनंदच हाये. तुम्ही इतका वेळ बसून आयकलं, तुमचं भलं होवो, तुमच्या लेकरायचं भलं होवो. मालकाचं भलं होवो असं मात्र माह्या तोंडातून निघत नाई बाई, अन् मी काढणार बी नाई.