तपासून बघितलेलं कार्टून

बुधवारी सकाळी बरोबर अकरा वाजून दहा मिनिटांनी मोबाईलने मला दगा दिला. अंबरनाथच्या दवाखान्यात, तळघरात, माझ्या चार वर्षांच्या परीच्या हाताचं प्लास्टर कापायचं होतं. मशीनचा आवाज ऐकून ती आधीच माझ्या कुशीत शिरलेली. हत्तीचं कार्टून लावलं की पोरगी काहीही करू देते. तिथे रेंज नसते, म्हणून मी शनिवारीच ते ॲपवर डाउनलोड केलं होतं. तरी राहवेना, म्हणून रविवारी एकदा चालवूनपण बघितलं.

आता उघडलं तर लिहून आलं, मुदत संपली, इंटरनेट चालू करा.

परीचे ओठ थरथरायला लागले. मी घाबरून तोंडानेच सुरू केलं, "हत्ती नदीवर जातो..."

"नाही गं मम्मी, आधी त्याची टोपी उडते."

"हां, मग ती माकड घेतं."

"माकड नाही, बगळा. तुला काहीच येत नाही."

ती माझ्या चुका काढत बसली, तेवढ्यात प्लास्टर निघालंसुद्धा. मशीनवाले काका म्हणाले, "ताई, पण बगळ्याने टोपी परत दिली का?"

घरी दिराने समजावलं, "वहिनी, त्या ॲपवर डाउनलोड केलेलं एकदा चालू केलं की दोनच दिवस राहतं. तुम्ही तपासलंत, तिथूनच मुदत सुरू झाली."

तुमच्या ओळखीत कोणी आई लहान पोराला घेऊन दवाखान्यात जाणार असेल, तर तिला एवढं कळवा. डाउनलोड कर म्हणावं, पण चालतंय का बघायला उघडू नकोस.