नळीतला आडोसा

बर्फाची गोष्ट म्हटलं की तुम्हाला वाटणार, आता हा पोरगा शिखरावर झेंडा रोवणार, दाढीला बर्फ लागलेला फोटो दाखवणार आणि मग काहीतरी मोटिव्हेशनल झोडणार. तसलं काही नाही. शिखर मी बघितलंच नाही, खालून पण नाही, ढग होते. झेंडा सोडा, माझा एक हातमोजा पण तिथंच राहिला. तेव्हा उठून जायचं असेल तर आत्ताच जा, चहा मात्र पिऊन जा.

मी महेश, गावाकडं मह्या. अकोल्याचा, म्हंजे नगरकडचं अकोले, विदर्भातलं नाही, हे जन्मभर सांगत आलोय. वडिलांचं सायकलचं दुकान. अभ्यासात मी बेताचाच, पण आवाज काढायचो. कंडक्टरचा, दूध डेअरीवाल्याचा, हेडमास्तरांचा. एकदा हेडमास्तरांच्या आवाजात व्हरांड्यातून ओरडलो, शाळा सुटली, आणि सुटली ना राव, निम्मी पोरं घरी. सुहास माझ्याच बाकावर. त्याच्या आईला, काकूला, मी फोन करायचो तो कधी गॅस एजन्सीवाला होऊन, कधी आमचे गणिताचे सर होऊन. शेवटी शेवटी ती फोन उचलला की पहिलं विचारायची, मह्या, आज कोणाचा आवाज?

पुढं दोघं इंजिनियर झालो, पुण्यात नोकरी, तिथून मँचेस्टरला, एकच कंपनी, एकच फ्लॅट. सुहास एकुलता एक. निघताना काकूनं मला बाजूला घेतलं, म्हणाली, ह्याच्याकडं लक्ष ठेव, हा भोळा आहे, तू सांगशील तिकडं जातो. तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं.

आता नळी म्हंजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही सह्याद्रीत हिंडलेली पोरं. दोन कड्यांच्या मधून उभी घळ उतरते ना, धोंड्यांनी भरलेली, ती नळी. आमच्याकडं धुकं आलं, वाट चुकली, धारेवर वाऱ्यानं उभं राहू देईना, की नळी धरायची, आत आडोसा असतो, आणि खाली कुठंतरी वाडीवर नेऊन सोडते. हे डोक्यात नाही, पायातच बसलेलं. आणि काय सांगू तुम्हाला, तिथं स्कॉटलंडला तेच नडलं.

आम्हाला तिकडं नेलं अनघाताईनं. वय पन्नाशीकडं, जन्म लंडनजवळच्या पिनरचा, मँचेस्टरला फिजिओ, आणि वीस वर्षं हिवाळ्यात डोंगर चढणारी. गणपतीत ओळख झाली. बोलते सगळं इंग्लिश, पण रागावली की मराठी, कारण लहानपणी तिची आई मराठीत फक्त रागवायचीच. मग काय, मला आयतंच सापडलं. ए, काय चाललंय, थांब म्हटलं ना, असं तिच्या आवाजात करायचो, सुहास लोळायचा, ती पण हसायची. नोव्हेंबरपासून तिनं आम्हाला बुटाला क्रॅम्पॉन, म्हंजे लोखंडी दाते, लावून चालायला शिकवलं, बर्फाची कुऱ्हाड कशी धरायची, घसरलो तर कशी रोवायची. फेब्रुवारीत म्हणाली, आता डोंगराची एखादी सोपी धार करू.

सकाळी गाडीत तिनं फोनवर अव्हलांचचा फोरकास्ट, म्हंजे आज बर्फ कुठं कोसळेल त्याचा अंदाज, वाचून दाखवला. वारा रात्रभर एका बाजूनं होता, म्हणजे तिथला सगळा बर्फ उचलून त्यानं पलीकडं आडोशाला नेऊन थापलाय, तो थर खालच्या बर्फाला चिकटलेला नाही, म्हणून आज कुठं शांत, छान, आडोसा वाटला तर तिथं जायचं नाही, ओके? मी मागच्या सीटवरून सगळंच्या सगळं तिच्या आवाजात परत म्हटलं, तो शेवटचा ओके पण. एक शब्द चुकला नाही.

साडेदहाला धारेवर वारा असा की गुडघ्यावर बसावं लागत होतं. पाठीवरची सॅक धरून कोणीतरी ओढतंय असं. अनघाताईनं आम्हाला एका मोठ्या धोंड्याला टेकून बसवलं, म्हणाली, पुढं वारा रस्ता देतो का बघून येते, दहा मिनिटं, नाहीतर आलो तसंच परत, दोघं इथून हलायचं नाही. मी मान डोलावली, आणि ती ढगात शिरली तसा लगेच तिच्या आवाजात, हलायचं नाही, ओके? सुहास हसला, पण दात वाजत होते त्याचे. बोटं जाणवत नाहीत रे, म्हणाला.

आणि मला ती दिसली. धोंड्याच्या पलीकडंच, दोन कड्यांच्या मधून खाली उतरलेली, गुळगुळीत, पांढरी. मी म्हटलं, सुहास, नळी. अरे घरच्यासारखी नळी. चार पावलं आत उभं राहू, ताई आली की वर येऊ. तो उठला. मी सांगितलं म्हणून उठला.

आत पाऊल टाकलं आणि वारा बंद. एकदम. कानात नुसता शीऽऽ असा आवाज राहिला. बर्फ पायाखाली थर्माकोलसारखा कुरकुरत होता. चार पावलं म्हणता म्हणता बरंच आत गेलो, सुहास पुढं, मी त्याच्या मागं दहा पावलं. धप्प असं काहीतरी झालं, आवाज नाही, पोटातच जाणवलं. आणि तेवढ्यात वरून, थांबा! दोघं थांबा! आलात त्याच पावलांवर मागं या!

सुहासनं मागं बघितलंच नाही. हात हलवला आणि म्हणाला, मह्या, बास की आता.

त्याला वाटलं मी.

मी म्हणायला तोंड उघडलं की अरे मी नाही, ती खरी आहे, तोवर त्यानं तीन पावलं टाकली होती. त्याच्या बुटापासून रेघ पळाली बर्फात, माझ्या पुढ्यातून, या कड्यापासून त्या कड्यापर्यंत, काच तडकावी तशी. माझ्या पायापाशी भिंत राहिली कमरेएवढी, आणि तिच्या पुढचं सगळं गेलं. सुहास उभाच गेला, मग आडवा, मग नाहीच.

मी पळणार होतो खाली. अनघाताईनं मागून जॅकेट धरलं. शेवटचा कुठं दिसला? बोट दाखव. दाखवलं. बोट हलवू नकोस, डोळा हलवू नकोस, मी सांगेपर्यंत, असं म्हणून ती कड्याच्या कडेकडेनं, जिथला बर्फ निघून गेला होता तिथून, उतरली. मी बोट धरून उभा. वारा डोळ्यात, पाणी येतंय, पापणी मिटली तर जागा हरवेल. तुम्ही कधी एकाच जागी बोट धरून उभं राहिलाय का, तुमच्या बोटाखाली कोणीतरी आहे असं?

माझ्या बोटाच्या रेषेत, पण बरंच खाली, तिला काळा बूट दिसला. तिनं फावडं काढलं, मला हाक मारली, मी हातानंच उकरायला लागलो, मोजा तिथंच गेला. तोंड मोकळं केलं तर तोंडात बर्फ गच्च. ताईनं बोट घालून काढला. तो खोकला. निळा पडला होता, गुडघा भलत्याच बाजूला वळलेला, आणि पहिला शब्द काय, तर मह्या, तो तू नव्हतास?

पुढचं रेस्क्यूवाल्यांचं काम. फुकट येतात ती माणसं, आपापली कामं सोडून. एका दाढीवाल्या आजोबांनी मला चहा दिला, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सुहास आता काठीवर ट्रामपर्यंत जातो, जिना चढताना माझा खांदा धरतो, आणि मी सांगतो तिकडं अजून येतो, त्याचीच मला भीती वाटते.

आणि बोलणी? ती पण खाल्ली. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये अनघाताई सगळं मराठीत बोलली, म्हणजे बघा. मी कशी बोलते ते ऐकलंस, काय बोलते ते नाही ऐकलंस. आता त्याच्या आईला फोन लाव. मी नाही लावणार, तू लाव.

लावला. तिकडं रात्रीचे साडेनऊ, टीव्ही चालू. काकूनं उचलला आणि हसतच म्हणाली, मह्या, आज कोणाचा आवाज? मी सांगितलं. नळी, बर्फ, गुडघा, माझ्यामुळं झालं, सगळं. टीव्ही बंद झाला. मग काकू कडाडली, मेल्या, पोराच्या जिवावरून चेष्टा करतात का, लाज नाही वाटत, तोंड फोडीन आलास की, आणि हा कुठला रडका आवाज काढलायस, आधी स्वतःच्या आवाजात बोल.

मी म्हटलं, काकू, हाच आहे.