अण्णांचं ध्यान, आईची धास्ती

हसू नका, पण आमच्या अण्णांच्या ध्यानात सगळ्यात मोठा अडथळा आईचाच होता. दिवाळीआधी अण्णांना हार्ट अटॅक आला. गोळ्या चालू ठेवून रोज डोळे मिटून संथ श्वास घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. अण्णा ओसरीत ध्यानाला बसले की आई त्यांना गदागदा हलवायची.

"काहून हलवून राहिली?" अण्णा वैतागले.

"तुमी अगदीच गप होता. मला भ्या वाटतंय."

अण्णांनी तिचा हात आपल्या छातीवर ठेवला. "आता बस अशीच."

तेव्हापासून दोघं शेजारी बसतात. परवा मी माहेरी औंढ्याला गेले, तर अण्णांचे डोळे उघडे आणि आईचे मिटलेले. मी हाक मारणार, तेवढ्यात अण्णा हळूच म्हणाले, "उठवू नको. मला दवाखान्यातून आणल्यापासून आज पहिल्यांदा निवांत झोपली."